पैदाशीच्या कुत्र्यांसाठी खुब्याची तपासणी: कोणती पद्धत निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा मस्त पळतो, उड्या मारतो. मग खुब्याचा एक्स-रे कशाला?

कारण पळणं आणि खुबा चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांड्यांचे स्नायू दणकट असले की खराब खुब्याचा कुत्राही चार-पाच वर्षं काही दाखवत नाही. कुत्री दुखणं लपवण्यात तरबेज असतात. तोवर त्याची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात आणि पिल्लं घरोघरी पोचलेली असतात. घरात पाळलेल्या कुत्र्याचा एक्स-रे त्याच्या उपचारासाठी काढतात. पैदाशीच्या कुत्र्याचा काढायचा तो अजून जन्माला न आलेल्या पिल्लांसाठी.

हिप डिस्प्लेशिया म्हणजे नक्की काय बिघडतं?

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कटीच्या हाडातल्या खोबणीत बसतो. बहुतेक पिल्लं जन्मतात तेव्हा हा सांधा ठीकच असतो. पुढच्या काही आठवड्यांत काहींचे अस्थिबंध आणि सांध्याचं आवरण सैल पडतं, गोळा खोबणीत नीट टेकून राहत नाही, पावलागणिक बाहेर सरकतो आणि परत आत येतो. कोवळं हाड या धक्क्यांनी आकार बदलतं. खोबण उथळ होते, गोळा चपटतो आणि पुढे झीज, म्हणजेच संधिवात.

क्रम लक्षात ठेवा: आधी सैलपणा, मग बिघडलेला आकार, मग झीज. तपासणीच्या पद्धतींमधला सगळा वाद यातल्या कुठल्या पायरीवर बोट ठेवायचं याचाच आहे.

कोणकोणत्या पद्धती प्रचलित आहेत?

ढोबळमानाने दोन घराणी. पहिल्या घराण्यात कुत्र्याला पाठीवर झोपवून, मागचे पाय सरळ ताणून एकच एक्स-रे काढतात आणि तज्ज्ञ तो डोळ्यांनी तपासून श्रेणी किंवा गुण देतात. अमेरिकेतली ओएफए (ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स), ब्रिटनमधली बीव्हीए (पशुवैद्यकांची संघटना) आणि केनेल क्लबची संयुक्त योजना आणि युरोपात व इतरत्र चालणारी एफसीआयची (केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची) श्रेणीपद्धत ही सगळी याच घरातली. दुसऱ्या घराण्यात सांधा मुद्दाम खेचून तो किती सैल आहे ते मोजतात. त्यातलं सर्वात परिचित नाव पेनहिप.

ओएफएची श्रेणी कशी ठरते?

ओएफए ही संस्था १९६६ साली सुरू झाली. आलेला एक्स-रे तीन रेडिऑलॉजिस्ट एकमेकांचं मत न पाहता तपासतात आणि तिघांच्या मतांवरून सातांपैकी एक श्रेणी ठरते: एक्सलंट, गुड, फेअर, बॉर्डरलाइन, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. पहिल्या तीन सामान्य, शेवटच्या तीन म्हणजे डिस्प्लेशिया. मधली बॉर्डरलाइन म्हणजे ‘आत्ता सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा काढा’.

ओएफएच्या प्रमाणपत्राचा कायमचा क्रमांक मिळायला कुत्रा २४ महिन्यांचा पुरा व्हावा लागतो. त्याआधी चार महिन्यांपासून प्राथमिक तपासणी करून घेता येते आणि ती अगदीच कुचकामी नाही. ओएफएच्याच जुन्या अभ्यासात प्राथमिक तपासणीत एक्सलंट ठरलेली सगळी कुत्री दोन वर्षांनंतरही सामान्य निघाली, गुडपैकी सुमारे ९८ टक्के, फेअरपैकी मात्र सुमारे ७७ टक्केच. म्हणजे लहानपणीचं ‘फेअर’ हे आश्वासन समजू नका.

एक गोष्ट खरेदीदारांना सहसा ठाऊक नसते. ओएफएच्या खुल्या यादीत चांगले निकाल आपोआप दिसतात, वाईट निकाल मालकाने परवानगी दिली तरच. शिवाय फिल्म बघताच खराब दिसली तर बरेच मालक ती पाठवतच नाहीत. म्हणून ‘या जातीत अमुक टक्के कुत्र्यांना डिस्प्लेशिया’ असा आकडा तिथून उचलला, तर खरी परिस्थिती त्याहून वाईट आहे असंच धरून चाला.

ब्रिटनमधले गुण जितके जास्त तितके चांगले का?

उलटं. जितके कमी तितके चांगले. प्रत्येक खुब्याची नऊ लक्षणं तपासतात. आठांना शून्य ते सहा आणि एकाला शून्य ते पाच गुण. एका बाजूचे जास्तीत जास्त ५३, दोन्ही मिळून १०६. शून्य म्हणजे दोष सापडला नाही. किमान वय एक वर्ष.

इथे पास-नापास नाही. तुमच्या कुत्र्याचे गुण त्याच्या जातीच्या मध्यकाशी (निम्मी कुत्री ज्याच्या खाली आणि निम्मी वर, त्या आकड्याशी) ताडून बघायचे आणि पैदाशीला मध्यकाच्या खालचीच कुत्री घ्यायची. मला या योजनेची ही बाजू आवडते. ‘पास झाला’ म्हटलं की माणूस विचार करायचा थांबतो, आकडा दिला की शेजारच्या आकड्याकडे बघतो.

एफसीआयच्या ए, बी, सी चा अर्थ काय?

ए म्हणजे डिस्प्लेशिया नाही, बी म्हणजे जवळजवळ सामान्य, सी सौम्य, डी मध्यम, ई तीव्र. श्रेणी देताना नॉरबर्ग कोन हा एक मोठा आधार. दोन्ही गोळ्यांचे मध्य जोडणारी रेघ काढायची, गोळ्याच्या मध्यापासून खोबणीच्या वरच्या कडेला दुसरी रेघ आणि मधला कोन मोजायचा. १०५ अंश किंवा त्याहून जास्त चांगला. ९० च्या खाली गेला तर गोळा खोबणीतून बराच बाहेर आलेला आहे. किमान वय साधारण एक वर्ष, अवाढव्य जातींना दीड. कुठल्या श्रेणीपर्यंत पैदाशीला परवानगी हे मात्र देशोदेशीचे ब्रीड क्लब ठरवतात, त्यामुळे ‘सी चालतो’ हे वाक्य एका ठिकाणी खरं आणि दुसरीकडे खोटं असू शकतं.

पेनहिप वेगळी कशी?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाळेत डॉ. गेल स्मिथ यांनी १९८३ साली या कामाला सुरुवात केली. त्यांचा मुद्दा साधा होता. पाय सरळ मागे ताणले की सांध्याभोवतीचं आवरण पिळलेल्या ओल्या कपड्यासारखं आवळतं आणि गोळ्याला खोबणीत दाबून धरतं. म्हणजे जो सैलपणा शोधायचा, तोच झाकला जातो.

म्हणून पेनहिपमध्ये तीन एक्स-रे काढतात. एक नेहमीचा ताणलेला, त्यात झीज दिसते. दुसरा गोळे आत दाबून, त्यात गोळा आणि खोबण एकमेकांना किती जुळतात ते कळतं. तिसरा मांड्यांमध्ये एक साधन ठेवून, पाय उभ्या अवस्थेसारखे धरून, गोळे हलकेच बाहेर खेचून. या तिसऱ्या एक्स-रेवरून गोळा खोबणीच्या मध्यापासून किती सरकला ते मोजतात आणि गोळ्याच्या त्रिज्येने भागतात. येणारा आकडा म्हणजे डिस्ट्रॅक्शन इंडेक्स. शून्य म्हणजे घट्ट, एक म्हणजे जवळपास पुरता बाहेर. ०.५० म्हणजे गोळा त्रिज्येच्या निम्म्याने सरकला. ०.३० किंवा त्याखाली असेल तर पुढे झीज होण्याची शक्यता फार कमी. त्यापुढे धोका चढत जातो, पण सगळ्या जातींत सारखा नाही. तोच आकडा असताना जर्मन शेफर्डला झीज लवकर गाठते.

ही तपासणी १६ आठवड्यांच्या पिल्लावरही होते. प्रशिक्षण घेऊन प्रमाणित झालेल्या डॉक्टरांनाच ती करता येते आणि त्यांनी काढलेली प्रत्येक फिल्म पाठवावीच लागते. चांगली दिसली तर पाठवू, नाहीतर ठेवून देऊ, ही पळवाट इथे बंद आहे.

ओएफएत ‘एक्सलंट’ आलेला कुत्रा पेनहिपमध्ये सैल निघू शकतो?

निघतो, आणि क्वचित नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ४३९ कुत्र्यांच्या फिल्म दोन्ही पद्धतींनी तपासल्या होत्या. त्यात ओएफएच्या निकषाने एक्सलंट ठरले ६० आणि त्यातल्या ३१ जणांचा इंडेक्स ०.३० किंवा त्याहून जास्त होता. निम्म्याहून अधिक! हा अभ्यास पेनहिपच्याच घरातून आलेला आहे हे सांगायला हवं. आणि सैलपणा असलेल्या प्रत्येक कुत्र्याला पुढे त्रास होतोच असंही नाही. तरी सरळ पाय ताणलेल्या एका फिल्मवर किती विसंबायचं, याचा विचार करायला ही संख्या पुरेशी आहे.

मग मी कोणती निवडू? सरळ सांगा.

आधी स्वतःला विचारा, तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?

‘या कुत्र्याच्या खुब्यात आज रोग दिसतोय का’ एवढाच प्रश्न असेल तर दोन वर्षांनंतरची चांगली काढलेली ताणलेली फिल्म उत्तर देते. मग ती ओएफएकडे जाओ, ब्रिटनच्या योजनेकडे की तुमच्या केनेल क्लबच्या तपासनीसाकडे.

‘वेतातली कोणती पिल्लं पैदाशीसाठी ठेवू’ हा प्रश्न असेल तर सैलपणा मोजणारी पद्धत घ्या. कारण तुम्हाला निर्णय चौथ्या-सहाव्या महिन्यात हवाय, दोन वर्षांनी नाही. आणि सैलपणाचा आकडा श्रेणीपेक्षा जास्त प्रमाणात पुढच्या पिढीत उतरतो, म्हणजे त्यावर निवड केली तर फरक लवकर दिसतो. ज्या जातीत घट्ट खुब्याची कुत्री शोधून सापडत नाहीत, तिथे तर श्रेणीवर निवड करत बसणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. सगळे ‘गुड’ आणि पिल्लं पुन्हा तशीच.

पण एक तिसरा प्रश्न आहे आणि तो बरेच जण विसरतात: तुमच्या जातीची माहिती कुठे साठलेली आहे? आई, वडील, आजी, मावशा, सगळ्यांचे निकाल ब्रिटिश गुणांत असतील आणि तुम्ही एकट्याने पेनहिप केलं, तर तुमच्या हातात एक सुटा आकडा येतो. त्याला नातेवाईक नाहीत. अशा वेळी मी दोन्ही करा म्हणेन. पिल्लू निवडताना पेनहिप, मोठं झाल्यावर जातीच्या प्रचलित योजनेत नोंद. पेनहिपमध्ये ताणलेली फिल्म निघतेच, पण कुत्रा लहान असेल तर ती मोठ्यांच्या योजनेत चालत नाही, हे धरून ठेवा.

प्रमाणित डॉक्टर आवाक्यातच नसेल तर? तर हळहळत बसू नका. जी पद्धत मिळते ती करा, पण वेतातल्या जास्तीत जास्त पिल्लांवर करा. माझ्या मते दहा भावंडांच्या साध्या फिल्म एका कुत्र्याच्या भारी आकड्यापेक्षा जास्त सांगतात.

ओएफएचा ‘गुड’ म्हणजे ब्रिटनचे किती गुण? इंडेक्स किती?

तक्ते फिरतात, पण ते अंदाजाचे. एफसीआय, ओएफए आणि ब्रिटिश गुण एकाच प्रकारच्या फिल्मवर आधारलेले असल्याने त्यांच्यात थोडीफार तुलना तरी होते. डिस्ट्रॅक्शन इंडेक्सचं यातल्या कशातच रूपांतर होत नाही. तो वेगळीच गोष्ट मोजतो. वजनावरून उंची सांगायला गेल्यासारखं होईल.

भूल द्यावीच लागते का?

पेनहिपला हो, खोल गुंगी किंवा पूर्ण भूल, त्याशिवाय स्नायू सैल होत नाहीत आणि मोजमाप खोटं येतं. ओएफएत सक्तीची नाही, पण शिफारस आहे आणि माझीही तीच. जागा कुत्रा पाय आखडतो, वळतो. मग कटीचं हाड तिरपं येतं, एका बाजूची खोबण खोल दिसते आणि दुसरी उथळ.

माझ्या पहिल्या मादीची फिल्म याच कारणाने परत आली होती. डॉक्टर म्हणाले होते, ‘शांत आहे, भुलीची गरज नाही.’ शांत होती खरी, पण शेवटच्या क्षणी तिने कंबर वळवली. फिल्म पाठवण्याआधी तुम्हीही बघा: दोन्ही बाजूंची कटीची छिद्रं सारख्या आकाराची, मांड्यांची हाडं समांतर, गुडघ्याच्या वाट्या बरोबर मध्यावर, आणि कटीपासून गुडघ्यापर्यंत सगळं चौकटीत. यातलं एकही चुकलं असेल तर कुत्रा टेबलावर असतानाच पुन्हा काढायला सांगा. संकोच करू नका.

मादी माजावर आहे. आत्ता काढला तर?

थांबा. माजाच्या आसपास हार्मोनमुळे अस्थिबंध सैल पडू शकतात आणि खुबा आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. ओएफएचा सल्ला: माजाच्या आधी-नंतर तीन-चार आठवडे टाळा आणि व्यायलेल्या मादीची पिल्लं अंगावरून सुटल्यावर किमान एक महिना जाऊ द्या. फार दिवस बांधून ठेवलेल्या, आजारपणातून उठलेल्या कुत्र्याचीही फिल्म घाईने काढू नका.

आमच्या डॉक्टरांनी फिल्म पाहून ‘उत्तम’ म्हटलं. तेवढं पुरे का?

घरच्या कुत्र्यासाठी पुरे. पैदाशीसाठी नाही. हे डॉक्टरांच्या ज्ञानावर बोट ठेवणं नाही. त्यांच्यासमोर तुमचा कुत्रा आहे आणि तुम्हीही आहात. दूर बसलेल्या तज्ज्ञासमोर फक्त फिल्म आहे, आणि तशा हजारो फिल्म त्याने त्याच जातीच्या पाहिल्यात. शिवाय नोंद झाली तरच पुढच्या ब्रीडरला ती सापडणार.

खाणं आणि व्यायाम यांनी निकाल बदलतो का? मग त्याला आनुवंशिक कसं म्हणायचं?

दोन्ही खरं आहे. हा दोष अनेक जनुकांनी मिळून येतो आणि संगोपन त्यात भर घालतं किंवा आवर घालतं. याचा सर्वात भक्कम पुरावा ४८ लॅब्रॅडॉरांवर आयुष्यभर चाललेल्या प्रयोगातून मिळाला. भावंडांच्या जोड्या लावल्या. एकाला नेहमीचं खाणं, दुसऱ्याला त्याच्या २५ टक्के कमी. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य जवळपास दोन वर्षांनी वाढलं आणि एक्स-रेत खुब्याची झीज पहिल्यांदा दिसण्याचं मध्यक वय ६ वरून १२ वर्षांवर गेलं. रक्त तेच, ताटलीतलं माप वेगळं.

नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढउतार करणाऱ्यांना धोका जास्त, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांना कमी. म्हणजे पिल्लाला कोंडून ठेवायचं नाही, गुटगुटीत होऊ द्यायचं नाही आणि जिन्यावर उचलून न्यायचं.

आता ब्रीडरसाठी यातली मेख. सडपातळ ठेवलेल्या कुत्र्याची दोन वर्षांची स्वच्छ फिल्म म्हणजे चांगली जनुकं की चांगलं संगोपन? फिल्म सांगत नाही. श्रेणीपेक्षा लहानपणीच्या सैलपणाच्या मोजमापाकडे माझा कल झुकतो, त्याचं हेही एक कारण.

रक्ताची जनुकीय तपासणी करून भागणार नाही का?

एकाच जनुकाचा दोष असता तर भागलं असतं. इथे अनेक जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात. एक्स-रेला सुट्टी देईल अशी तपासणी अजून नाही.

भावंडांचे निकाल कशाला मागायचे? आईवडील चांगले असले की झालं.

चांगले आईवडील ही अर्धी बातमी. दोन ‘एक्सलंट’च्या पोटी खराब खुब्याची पिल्लं निघतात, कारण दिसतं ते वेगळं आणि आत वाहून नेलं जातं ते वेगळं. समजा दोन नर आहेत. एक ‘एक्सलंट’, पण त्याच्या सात भावंडांपैकी तपासलेल्या चौघांत तिघं खराब. दुसरा नुसता ‘गुड’, पण तपासलेली सहाही भावंडं ठीक. मी दुसऱ्याकडे जाईन, डोळे झाकून नाही, पण जाईन.

हाच हिशेब शास्त्रशुद्ध करण्याला अंदाजित पैदास मूल्य म्हणतात. कुत्र्याचा स्वतःचा निकाल आणि त्याच्या सगळ्या नातेवाइकांचे निकाल एकत्र करून एक आकडा काढतात. ब्रिटनच्या केनेल क्लबने काही जातींसाठी तो उपलब्ध केला आहे, जर्मन शेफर्डच्या जर्मन क्लबमध्येही असं मूल्य वापरतात. तुमच्या जातीला ते मिळत असेल तर कुठल्याही एकट्या श्रेणीच्या वर ठेवा.

निकाल मधलाच आला. कुत्रा पैदाशीतून काढायचा का?

जातीवर अवलंबून. जातीत हजारो कुत्री असतील तर काढा, हरकत नाही. मोजकीच असतील तर प्रत्येक ‘फेअर’ बाद करत गेलात तर डोळ्यांचे, हृदयाचे, स्वभावाचे चांगले गुणही त्याच्याबरोबर जातील आणि उरलेल्यांत जवळच्या नात्यांतच जोड्या लावाव्या लागतील. पेनहिपचा सल्ला यावर व्यवहारी आहे: जातीच्या मध्यकापेक्षा घट्ट अर्ध्यातून निवडा, पुढच्या पिढीत मध्यक आणखी खाली आणा. मधल्या निकालाच्या कुत्र्याला जोडीदार मात्र नक्की चांगला हवा, दोन्हीकडून मधलं नको. ज्याच्या खुब्यात झीज दिसू लागली आहे त्याच्याबाबत अशी सवलत देऊ नका.

लहानपणी खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला पैदाशीला वापरता येईल?

नाही. पिल्लू साधारण चार महिन्यांचं असताना कटीच्या हाडाचा खालचा सांधा लवकर जुळवून आणायची एक शस्त्रक्रिया करतात. तिने खोबण गोळ्यावर जास्त झाकते आणि पुढे एक्स-रे छान दिसू शकतो. पण जनुकं जशीच्या तशी राहतात. म्हणून जबाबदार डॉक्टर त्याच वेळी नसबंदीचा आग्रह धरतात.

एक खुबा चांगला, दुसरा वाईट. सरासरी धरायची का?

नको. ओएफए आणि एफसीआय वाईट बाजूवरूनच श्रेणी ठरवतात, पेनहिपमध्येही जास्त सैल बाजूचा आकडा धरतात. ब्रिटनच्या योजनेत मात्र दोन्हींची बेरीज सांगतात आणि तिथेच फसगत होते. १० अधिक १० म्हणजे २० आणि २ अधिक १८ म्हणजेही २०. दुसऱ्या कुत्र्याची एक बाजू पहिल्यापेक्षा बरीच खराब आहे. म्हणून कुणी नुसती बेरीज सांगितली तर दोन्ही बाजूंचे गुण वेगवेगळे लिहिलेलं मूळ प्रमाणपत्र मागा, आणि त्यावरचा मायक्रोचिपचा क्रमांक समोरच्या कुत्र्याच्या क्रमांकाशी जुळतोय का तेही स्वतः पडताळा.